हॅलोविनची कोझी रहस्यकथा: भोपळे फार, रहस्य बेताचं?

अर्धवट_वाचक
हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण. त्यावरच्या कोझी मिस्टरी लघुकथांचा एक संग्रह परवा संपवला. बारा कथा. हा प्रकार ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी: कोझी म्हणजे खून आहे, पण रक्त नाही. छोटं गाव, बेकरीवाली किंवा ग्रंथपाल बाई, तिचं मांजर, आणि पोलिसांच्या आधी तिला लागणारा छडा. पूर्वी आपल्याकडे चहाच्या किटलीला टीकोझी घालायचे ना, तीच ही ऊब.

माझं म्हणणं, हॅलोविनची रात्र या कथेला मानवत नाही. एक तर मुखवटे. गावातला जो तो चेटकीण नाहीतर सांगाडा झालेला. मग "बागेत काळ्या झग्यातलं कोणीतरी दिसलं" एवढं लिहिलं की लेखक मोकळा. हा पुरावा नव्हे, पळवाट झाली. त्यात कथा जेमतेम सहा हजार शब्दांची. त्यातले दोन हजार भोपळे कोरण्यात, दालचिनीच्या वासात आणि मांजराच्या नखऱ्यांत गेले की संशयित उभे करायला जागा उरते कुठे? बारापैकी सात कथांत खुनी मला तोंड उघडताक्षणी कळला, कारण गोष्टीत दुसरं काहीच काम नसलेला तो एकटाच होता.

आणि भूत! रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले, त्यात अमानवी शक्तींना साफ बंदी. त्यामुळे कोझीत भूत दिसलं की आपल्याला आधीच ठाऊक असतं, हा चादर पांघरलेला पुतण्या. धारपांचं भूत निदान भूत तरी असतं.

उटणं_आणि_चॉकलेट
हॅलोविनला तुम्ही कधी दारात उभे राहिलेले दिसत नाही. मी न्यू जर्सीत राहते. २०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे उटणं लावून अंघोळी, संध्याकाळी पातेलंभर चॉकलेटं घेऊन मी दारात. चेहरा एकाही पोराचा धड दिसत नव्हता, तरी निम्मी पोरं मी ओळखली. बुटांवरून! आया पोशाखावर पैसे घालवतात, बूट मात्र रोजचेच. समोरच्यांचा धाकटा डायनासोर झाला होता, पण डाव्या बुटाची नाडी नेहमीसारखी फरफटत होती.

कोझीतली बाई दुसरं काय करते? चेहरे झाकले की पोलीस गोंधळतो, शेजारीण नाही. बरं, एरवी दाराच्या भोकातून बघून गप्प बसणारी माणसं त्या एका संध्याकाळी अनोळखी माणसाला आपणहून दार उघडतात, तेही हातात खाऊ घेऊन. खुनाच्या गोष्टीला याहून सोयीची रात्र मला तरी सुचत नाही.

अर्धवट_वाचक
नाडी आवडली. पण ती तुम्हाला दिसली, त्या बारा लेखकांना नाही.

नाईटशिफ्ट
मी रात्रपाळीची नर्स. रक्त मला कामावर दिसतं, त्यामुळे गोष्टीत नसलं तर बरंच. आणि एक कथा मला पंचवीस मिनिटांत संपायला हवी, तेवढीच सुट्टी मिळते. खुनी आधी कळला तर कळला. भोपळे राहू देत.

बोरू
भोपळ्यांवर राग आहे तर भोपळ्यांच्या मागे जा ना. ही रात्र मुळात केल्टिक लोकांच्या साउइन सणाची. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये कोरायचे ते सलगम. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. तुमच्या संग्रहातल्या बायका बहुतेक अमेरिकन असणार, त्यामुळे सगळं दुकानातून आणलेलं.

आयर्लंडमध्ये त्या दिवशी बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा पाव करतात. त्यात पूर्वी वस्तू लपवून भाजायचे. अंगठी आली की वर्षात लग्न, नाणं आलं की पैसा, चिंधी आली की दारिद्र्य. आता विचार करा, टेबलाभोवती सहा जण, पाव घरच्याच बाईने कापलेला, आणि चिंधी नेमकी श्रीमंत काकाच्या वाट्याला. कापणारीला कुठल्या तुकड्यात काय आहे ते माहीत होतं का? सजावट वगैरे काही नाही, सणातलीच वस्तू आणि तिच्यातच रहस्य. सहा हजार शब्द पुरून उरतील.

वकिली_डोकं
बोरू म्हणतात त्याचा नमुना छापून कधीच झालाय. अगाथा ख्रिस्ती, "हॅलोविन पार्टी", १९६९. (पुढे थोडा रहस्यभेद आहे. नाव फोडत नाही.)

गावातल्या एका घरी मुलांसाठी पार्टी. खेळ अगदी जुने: पिठाचा गोळा, त्यावर सहा पेन्सचं नाणं, प्रत्येकाने सुरीने थोडं पीठ कापायचं, नाणं पडता कामा नये. आणि पाण्याच्या टबात तरंगणारी सफरचंदं हात न लावता दातांनी उचलायची. जॉइस नावाची तेरा वर्षांची मुलगी "मी एक खून पाहिलाय" म्हणून फुशारकी मारते, आणि पार्टी संपता संपता त्याच पाण्यात बुडवलेली सापडते.

इथे सणाचं सामान किती कामाला लावलंय बघा. धडपडणाऱ्या मुलीचं डोकं पाण्यात दाबून धरलं तर मारणाराही भिजणार. भरल्या घरात एकच माणूस ओलं असेल तर ते उठून दिसणार. मग त्याने काय करावं? चारचौघांत, जिन्यावर, पाण्याने भरलेली मोठी फुलदाणी हातातून सोडावी. आता ओलं असण्याला कारण मिळालं. मुखवटा नाही, भूत नाही. प्रश्न एवढाच, कोण भिजलं आणि का. पाणी कुठे सांडलं हे बाईमाणसाच्या आधी लक्षात येतं, कारण पुसायचं तिलाच असतं. कोझीचा जीव इथे आहे. मांजरात नाही.

नाईटशिफ्ट
तेरा वर्षांच्या मुलीला टबात बुडवणं हे कोझी? माफ करा, हे पुस्तक मी अर्ध्यात ठेवलं होतं. रक्त नाही म्हणून ऊब आली असं होत नाही.

अर्धवट_वाचक
नाईटशिफ्ट यांच्याशी सहमत. शिवाय वकीलसाहेब, ती कादंबरी आहे. ख्रिस्तीबाईंना पार्टीत सगळ्यांची ओळख करून द्यायला ऐसपैस जागा होती. मी लघुकथेबद्दल बोलतोय. याच पुस्तकावरून २०२३ साली सिनेमा केला, तेव्हा गाव काढून थेट १९४७ चं व्हेनिस आणलं, प्लँचेट आणलं. कारण पडद्यावर भीती हवी होती. हॅलोविन म्हटलं की ऊब आणि भीती यांतलं एक कोणीतरी घराबाहेर जातं, हेच तर म्हणतोय मी.

वकिली_डोकं
लघुकथाच हवी? घ्या. १९३२ चा "थर्टीन प्रॉब्लेम्स". ख्रिस्तीबाईंच्याच मिस मार्पल या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर बाईच्या कथा, त्यातल्या बऱ्याच मित्रमंडळींच्या बैठकीत सांगितलेल्या. त्यात एका पाद्रीबुवांनी सांगितलेली गोष्ट आहे: इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरचं घर, जवळ झाडांच्या राईत जुन्या देवीचं ठाणं म्हणवणारी जागा, वेषांतराची पार्टी, आणि सगळ्यांदेखत एक जण कोसळतो, जवळ कोणी नसताना. हॅलोविन नाही, पण अंगावर काटा तोच. आणि उलगडा शंभर टक्के माणसाचा. इतक्या वर्षांनी पाद्रीबुवा सांगतात तरी त्यांच्या मनातली राईची धास्ती गेलेली नाही, आणि विणकाम घेऊन बसलेली म्हातारी ते कोडं जागच्या जागी सोडवते. भीती आणि ऊब एकाच खोलीत बसलेली आहेत, थोड्या पानांत.

मुलीच्या बाबतीत नाईटशिफ्ट यांचं बरोबर आहे. तिथे मी वकिली करत नाही.

बोरू
गंमत म्हणजे अमेरिकेत कोझी लेखकांना "मॅलिस डोमेस्टिक"च्या संमेलनात जे अगाथा पुरस्कार मिळतात, त्यात चक्क चहाची किटली देतात. लघुकथेलाही वेगळा पुरस्कार आहे. अर्धवट_वाचक, तुमची टीकोझी तिथे चालेल.

अर्धवट_वाचक
किटली मिळाली तरी सात कथांचा खुनी मला कळलाच होता. पाण्याचा मुद्दा मात्र पटला. टबातली सफरचंदं माझ्या संग्रहातही दोन कथांत आहेत, पण एकाही लेखकाला कोणी भिजलं का हे विचारावंसं वाटलं नाही. बुटांचं आणि चिंधीचं कोणी लिहिणार असेल तर मी वाचीन. काळ्या झग्याला माफी नाही.

उटणं_आणि_चॉकलेट
त्या वर्षी माझ्याकडे एक उंच भूत आलं होतं. पिशवी पुढे केली नाही, चॉकलेट घेतलं नाही, नुसतं उभं राहून गेलं. बूट नवे कोरे होते. कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही. घ्या, करा सुरुवात.

सोमवारची_पोथी
वकीलसाहेब, "थोडा रहस्यभेद" म्हणालात म्हणून मी वाचत राहिले. "हॅलोविन पार्टी" माझ्या उशाशी आहे आणि ती फुलदाणी कालच रात्री फुटली. कोणाच्या हातून ते मी वाचलंय!