निघोजच्या रांजणखळग्यांचे फोटो : मोकळेपणाने सांगा

उनाड_१८५५ : मंडळी, रविवारी निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे, म्हणजे खडकात पडलेले रांजणासारखे खड्डे, बघून आलो. चार फोटो टाकलेत. वेळ दुपारी साडेबारा, लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55. घरचे 'छान' म्हणतात, पण ते माझ्या करपलेल्या पोळीलाही छानच म्हणतात. कुठे चुकतंय?

काळापत्थर : पहिला उघडला आणि डोळे दिपले! तिथला बेसॉल्ट खडक काळा, त्यामुळे कॅमेरा सगळंच उजळ करायला जातो आणि पाणी पांढरंफटक होतं. एक्स्पोजर एक स्टॉप उणे कर, म्हणजे प्रकाश निम्मा घे. तिसरा मात्र फार आवडला. खळग्याची कड, आत हिरवट पाणी, बस्स. क्षणभर वाटलं, कुणाचा तरी कान अगदी जवळून काढलाय. उजव्या कोपऱ्यातली चप्पल तेवढी काप.

उनाड_१८५५ : चप्पल माझीच आहे हो.

घाटवाट : मला तर चप्पल हवी. नाहीतर खळगा वाटीएवढा की विहिरीएवढा, कळणार कसं?

काळापत्थर : अहो, न कळण्यातच तर मजा! मापासाठी वेगळा फोटो काढावा. उनाड, पुन्हा गेलास तर सकाळच्या तिरप्या उन्हात जा. पाण्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी घासून पडलेल्या वळ्या तेव्हाच उठून दिसतात. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर) असेल तर ओल्या दगडाचा फोटो घेताना तो फिरवून बघ, चकाकी उतरते. आणि शेवाळावर जपून. माझा ट्रायपॉड तिथेच गेला.

उनाड_१८५५ : कितव्या खळग्यात? बघतो सापडला तर.