ओमायक्रॉन सौम्य आहे हा निकाल आत्ताच लावू नका

पायवाट | ७ डिसेंबर २०२१

दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेला कोरोनाच्या या नव्या प्रकाराची खबर दिली. २६ला त्याचं ओमायक्रॉन असं बारसं झालं. २ डिसेंबरला बंगळूर, ४ला डोंबिवली, ५ला पिंपरी-चिंचवड आणि पुणे. काल मुंबईतले दोन धरून राज्यात दहा रुग्ण झाले. आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निकालही लागला: साधा सर्दी-खोकला आहे, एकदाचा सगळ्यांना होऊन जाऊ दे.

हे वाचून मला फार अस्वस्थ व्हायला होतं. पसरण्याचा वेग लवकर कळतो. काही आरटीपीसीआर किटमध्ये या प्रकाराचं 'एस' हे एक जनुक लागतच नाही, बाकीची लागतात. या खुणेवरून जिनोम सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे विषाणूचा पूर्ण जनुकक्रम वाचण्याच्या, आधीच दक्षिण आफ्रिकेच्या गौतेंग प्रांतातल्या प्रयोगशाळांना वाढ दिसली. किती जीव जातील हे मात्र उशिरा कळतं. माणूस आज पॉझिटिव्ह येतो, त्रास वाढलाच तर आठवड्याभराने दाखल होतो, आणि दगावला तर आणखी दोन-तीन आठवड्यांनी. खबर लागून अजून पंधरा दिवस नाहीत. एवढ्यात 'सौम्य' कुठून आलं?

लॉकडाऊन मागत नाहीये. राहिलेला दुसरा डोस घ्या, मास्क हनुवटीवरून नाकावर आणा, हवा खेळती ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'काही होत नाही' असं सांगू नका. एवढंच.

मांडववाला | नाशिक

पायवाट, तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या लोकांनी असं लिहिलं की आमचे फोन सुरू होतात: "भाऊ, तारीख पुढं ढकलू का?" दोन लगीनसराया बुडाल्या. माझ्याकडची वाढपी पोरं गावी गेली ती परत आलीच नाहीत. आत्ता कुठे बुकिंग धरलं होतं.

आणि सौम्य हे व्हॉट्सॲपवाल्यांनी काढलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या अध्यक्षा डॉ. अँजेलिक कोएत्झी स्वतः पेशंट तपासून सांगतायत: थकवा, अंगदुखी, वास-चव शाबूत. परवा तिथल्या त्श्वानेच्या (प्रिटोरिया शहराचा भाग) हॉस्पिटलांचा अहवाल आला. २ डिसेंबरला कोविड वॉर्डात ४२ पेशंट, त्यातले २९ ऑक्सिजनशिवाय. बरेचसे दुसऱ्याच कारणाने दाखल झालेले, तपासणीत पॉझिटिव्ह निघाले. एप्रिलमध्ये आपल्याकडे असा एक तरी वॉर्ड होता का? चांगली बातमी आली तर ती पण सांगा ना लोकांना.

वऱ्हाडातला

मांडववाला, भाऊ, मी अमरावतीचा. आमच्याकडे फेब्रुवारीत केसेस वाढल्या तेव्हा बाहेरचे म्हणत, तुम्ही लोक मास्क लावत नाही म्हणून. २२ फेब्रुवारीला आमच्याकडे लॉकडाऊन लागला. दुहेरी उत्परिवर्तनाचं, म्हणजे दोन बदल एकत्र असलेल्या विषाणूचं, केंद्राने सांगितलं २४ मार्चला. तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. दुसऱ्या लाटेतला डेल्टा त्याच कुळातला.

माझ्या मामांसाठी बेड शोधताना पलीकडून दोनच प्रश्न यायचे, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन किती, सीटी स्कॅनचा स्कोर किती. नंतर फोन बंद. म्हणून मी तर म्हणतो तिकडची विमानं आजच्या आज बंद करा. उशीर एकदा करून झालाय.

जोबर्गकर

मी जोहान्सबर्गमध्ये राहतो. विमानं बंद करा म्हणणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हे करू नका. इथल्या शास्त्रज्ञांनी २५ नोव्हेंबरला पत्रकार परिषद घेऊन जगाला सावध केलं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने दारं लावून घेतली. नेदरलँड्समध्ये मागचे नमुने तपासले तर १९ आणि २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांतही ओमायक्रॉन निघाला. म्हणजे आमच्याकडून खबर येण्याआधीच तो युरोपात होता. तुमच्या बंगळूरच्या पहिल्या दोघांपैकी एक डॉक्टर, ते तर परदेशी गेलेच नव्हते. पुढच्या वेळी नवा प्रकार सापडलेला देश गप्प बसला तर?

बाकी ऑफिसातले निम्मे आजारी पडून घरी आहेत, त्यांतलं हॉस्पिटलात कोणी नाही. पण इथे आधीच्या लाटांत खूप जणांना होऊन गेलाय, त्यामुळे आमच्यावरून तुमचा अंदाज बांधू नका.

पायवाट

वऱ्हाडातला, मामांचं वाचून वाईट वाटलं. तरी विमानांबाबत मी जोबर्गकरांशी सहमत. उतरणाऱ्यांची तपासणी, विलगीकरण करा, पण दार लावून आता उपयोग नाही.

मांडववाला, तो अहवाल मीही वाचला. त्यात दोन आठवड्यांत दाखल झालेल्यांपैकी ८० टक्के पन्नाशीच्या आतले आहेत. तरुणांचा वॉर्ड हलकाच दिसणार. अहवाल लिहिणारेही चित्र स्पष्ट व्हायला वेळ लागेल म्हणतात.

आणि समजा, खरंच सौम्य निघाला. डेल्टात शंभरातले चार दाखल होत होते असं धरा, आता दोनच होतील. पण शंभराऐवजी तीनशेंना झाला तर दोनाचे सहा झाले. त्यात नर्स आणि वॉर्डबॉय एकाच आठवड्यात आजारी पडले तर त्या सहांना बघणार कोण?

मांडववाला

हिशेब बरोबर, पण त्यातलं प्रत्येक 'समजा' तुमचं आहे. तिप्पट कशावरून? दोन कशावरून? माहीत नाही तर माहीत नाही म्हणा. त्या माहीत नसण्याचा भुर्दंड मात्र दर वेळी हातावर पोट असलेल्यांनीच का भरायचा? औरंगाबादेत लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा आदेश निघाला. रेशनला कोण उभं असतं, सांगा.

पायवाट

रेशन अडवणं मलाही पटलेलं नाही. लस घेऊन दारात जायला हवं, 'हर घर दस्तक' त्यासाठीच आहे. पण माहीत नसतं तेव्हा गप्प बसणं हाही निर्णयच असतो, आणि तो चुकला तर भरपाई नाही. तुमची बुडालेली तारीख पुढच्या वर्षी येईल.

मांडववाला

पुढच्या वर्षीपर्यंत हप्ता थांबत नाही, साहेब.

बरं, तुम्ही हवा खेळती ठेवा म्हणता ना? मग २७ नोव्हेंबरचा सरकारी आदेश काढून वाचा. बंद हॉलमध्ये क्षमतेच्या ५० टक्के माणसं चालतात, उघड्या मैदानात २५ टक्के. मी लॉनवर मांडव घालतो, चारी बाजू मोकळ्या. मला पाव आणि एसी हॉलवाल्याला अर्धे. हे बदला म्हणून कलेक्टरला अर्ज करतोय. सही कराल का?

पायवाट

मसुदा इथेच टाका. सही करतो. पण अर्जात आणखी एक ओळ घाला: जेवण वाढणाऱ्या प्रत्येकाचे दोन डोस झालेले असतील, याची जबाबदारी मांडववाल्याची.

मांडववाला

पोरांचे झालेत. पाहुण्यांचं मी लिहून देणार नाही.