एमजीबीला हेडर घ्यायचा तर कुठला? (गाडी देवगडात, हवा खारी)

कातळावरचा, देवगड

मंडळी, काकांची १९६८ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) मुंबईहून आता माझ्याकडे आली आहे. इंजिन मूळचंच, १७९८ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखाली टिक्-टिक् वाजतं, गरम झालं की आवाज बराच कमी होतो. खालच्या पाइपाचे नट गंजून गोल झालेत, पाना धरत नाही. तिथे हात घालायचाच आहे, तर सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा बीडाचा मॅनिफोल्ड काढून त्याजागी नळ्यांचा, म्हणजे ट्यूबचा हेडर बसवावा असं डोक्यात आहे. इंग्लंडहून मागवावा लागेल. साधं माइल्ड स्टील, सिरॅमिक कोटिंगवालं आणि स्टेनलेस असे तीन प्रकार दिसतात. घर असं आहे की वारा सुटला की काचेवर मीठ बसतं. गाडी रविवारची, फार तर करूळ घाट चढून कोल्हापूर. थोडी ताकद वाढली आणि आवाज भरदार झाला तर हवंच आहे. काय घेऊ?

घाटावरचा, कोल्हापूर

स्टेनलेस घे आणि विषय संपव. दिसायलाही झकास. माइल्ड स्टील तुमच्या हवेत दोन पावसाळे काढणार नाही.

मिरकरवाडा वर्कशॉप, रत्नागिरी

कोल्हापूरकर, माइल्ड स्टीलबद्दल तुमचं बरोबर. पण विषय संपत नाही हो.

देवगडकर, आधी टिक्-टिक् कुठून येते ते शोधा. थंडपणी वाजतं आणि गरम झाल्यावर कमी होतं, म्हणजे फट आहे आणि तापून फुगल्यावर ती मिटते. ही फट गॅस्केटला असेल किंवा मॅनिफोल्डला तडा असेल. इंजिन थंड असतानाच चालू करून जोडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतील. हात लांब ठेवा. गॅस्केटच असेल तर नव्या हेडरची गरजच नाही. तडा असेल तर बीड वेल्ड करणारा चांगला माणूस हवा. आधी तापवून, निकेलचा रॉड लावून, हळूहळू थंड करतो तो. वर्षानुवर्षं जळलेलं बीड कधी धरतं, कधी शेजारीच नवा तडा काढतं.

आता ताकदीचं. या इंजिनाच्या हेडला एक्झॉस्टची तोंडं चार नाहीत, तीन आहेत. दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे २ आणि ३ एकमेकांपासून बरोबर एक फेरा लांब, १ आणि ४ही तसेच. मूळ मॅनिफोल्डने तेच जमवलंय: बाहेरच्या दोघांची एक वाट, मधल्यांची वेगळी, आणि खाली दोन पाइप बरंच अंतर जाऊन एक होतात. पैसे देऊन जो 'लाँग सेंटर ब्रँच' हेडर घ्याल तो याच कल्पनेवर बनतो. मुळात या गाडीचा बीडाचा मॅनिफोल्ड चांगलाच आहे. हेड आणि झडपा उघडणारा कॅम मूळचेच असतील तर हेडरने घाटात फरक जाणवेल अशी आशा धरू नका. आवाज मात्र बदलेल, ते खरं.

उष्णतेचंही बघा. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला. जाड बीडाच्या जागी पातळ ट्यूब आली की तिची तापलेली कातडी एसयूच्या फ्लोट बाउलखालीच (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीखालीच) येते. मे महिन्यात करूळला ट्रकमागे रांगत असाल तर पेट्रोल उकळून इंजिन अडखळणार. कार्बोरेटरमागचा पत्र्याचा हीट शील्ड असेल तर काढून फेकू नका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, त्याने पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पातळ होतं. त्यात हेडर बसवलात तर कार्बोरेटरच्या जेटखालचा नट एकेक पैलू खाली घेत मिश्रण घट्ट करावं लागेल. कार्बोरेटरचा पिस्टन पिनने किंचित उचला. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जास्त घट्ट, इंजिन बसलं तर पातळ. क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. जुने रबरी पाइपही याच वेळी बदला, इथेनॉल त्यांना खातं.

स्टेनलेसचं आमच्याकडे ट्रॉलरवर रोज बघायला मिळतं. ३०४ ग्रेडचं गंजून गळून पडत नाही, पण वेल्डच्या कडेला बारीक खड्डे पडतात आणि चहासारखे डाग येतात. मालवणात म्हणतात तसं, खाऱ्या वाऱ्यापुढे स्टीलपण टिकना नाय. ४०९ तर आणखी हलकं, क्रोमियम कमी, त्यावर तांबूस थर लवकर येतो. 'स्टेनलेस' एवढंच लिहिलंय तिथे ग्रेड विचारा. दुसरं म्हणजे ३०४ तापल्यावर साध्या स्टीलपेक्षा बरंच जास्त फुगतं, त्यामुळे फ्लँज (हेडरची इंजिनावर आवळायची पाटी) पातळ असेल तर वाकते.

कातळावरचा, देवगड

साबणाचं पाणी लावलं. पुढच्या तोंडाशी गॅस्केटला बुडबुडे येतात, तडा दिसत नाही. पण हेडरचा मोह सुटत नाही. सगळ्यात जास्त काय बघायचं? आणि उष्णता अडवायला पाइपवर ती पांढरी पट्टी गुंडाळतात, ती चालेल का?

मिरकरवाडा वर्कशॉप, रत्नागिरी

पट्टी नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ओलीच राहते. आतून ट्यूब सडते आणि कळतं तेव्हा बोट आत जातं.

सगळ्यात जास्त फ्लँजची जाडी बघा. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड शेजारी-शेजारी बसतात आणि काही स्टडवर एकच जाड वायसर दोघांना दाबतं. अर्धं इनटेकवर, अर्धं एक्झॉस्टवर. नव्या हेडरची फ्लँज इनटेकपेक्षा एखाद मिलिमीटर जरी पातळ निघाली तर वायसर तिरकं बसतं, सगळा दाब इनटेकवर जातो आणि हेडरकडून पुन्हा टिक्-टिक्. मी दोन्ही फ्लँज व्हर्नियरने मोजल्याशिवाय गॅस्केटचं पाकीट फोडत नाही. पातळ असेल तर लेथवर वायसरला पायरी काढून द्यायची. मग फ्लँजवर सपाट पट्टी धरून फीलर गेज फिरवा. वाकलेली असेल तर सरफेस ग्राइंडिंगला द्या, कानशीने ओढू नका.

नट पितळी लावा, ते स्टडवर जाम होत नाहीत. थोडं चालवून इंजिन पूर्ण थंड झालं की पुन्हा एकदा आवळा. गोल झालेल्या जुन्या नटांना तापवून काढा. जोर लावलात तर स्टड हेडमध्येच तुटेल.

शेवटी घ्यायचाच तर माझी निवड माइल्ड स्टील, पण आतूनबाहेरून सिरॅमिक केलेलं. उष्णता कमी फेकतं आणि कोटिंग शाबूत आहे तोवर मीठ दूर ठेवतं. दगड लागून टवका उडाला तर तिथून गंज सुरू होणार, हेही धरून चला. नुसतं वरून रंगवलेलं 'सिरॅमिक' म्हणून खपवतात, म्हणून आत टॉर्च मारून बघा.

पनवेलचा जुना गाडीवाला

एक भर. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' येतं. त्यात गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. हेडरसाठी कोणी अडवेल असं नाही, पण मूळ मॅनिफोल्ड भंगारात घालू नका. तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवा.

कातळावरचा, देवगड

ठरलं. आधी गॅस्केट, पितळी नट, फ्लँज ग्राइंडिंग. हेडर दिवाळीनंतर बघू. मिरकरवाडा, सरफेस ग्राइंडिंग तुमच्याकडे होतं का? मॅनिफोल्ड सोडवून एसटीच्या पार्सलने पाठवतो.

मिरकरवाडा वर्कशॉप, रत्नागिरी

होतं. इनटेकही सोबत पाठवा, दोन्ही एकत्र मोजतो. आणि इनटेकवरचे कार्बोरेटर काढून ठेवून मगच पाठवा, गेल्या वेळी एकाने पेट्रोलसकट पाठवले होते.