एमआरआयचा रिपोर्ट सरळ नातेवाइकाच्या हातात द्यावा का?

गोदाकाठ: माझं मत, नाय. परभणीच्या भाच्याला फिट आली, लातूरला काँट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध सोडून, मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टात 12 एमएमचं रिंग एनहान्सिंग लिजन, म्हणजे कडेनं गोल चमकणारी गाठ, आन् खाली तीन नावं, न्युरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत जंताची अळी), टीबी, मेटास्टेसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर). दाजीनं फोटो काढून एआयला विचारलं, तिसऱ्या नावावर सगळे अडकले, घरात रडारड, हैद्राबादला जायला गाडीबी सांगून ठेवली. न्युरोच्या डॉक्टरनं रिंगच्या आतला बारका ठिपका दाखवला, म्हणले हे अळीचं डोकं, फिटच्या गोळ्या चालू ठेवा, काही महिन्यांनी परत स्कॅन करू.

मांजराकाठी: पटत नाय भाऊ. पैसे आम्ही मोजायचे आन् कागद दुसऱ्यानं बघायचा? आमच्या दादाच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीत लिहिलेलं की तीन महिन्यांनी काँट्रास्टसहित परत करा. ओपीडीत त्या ओळीपर्यंत कुणी गेलंच नाय, वहिनीनं वाचलं म्हणून कळलं.

गोदाकाठ: अशी वहिनी घरोघरी नसते.

स्कॅनवाला_नांदेड: मी मशीनवर असतो. स्कॅनला पाठवताना पेशंटची माहिती लिहून देतात तो फॉर्म दोघंबी विसरायलाव. लई सेंटरचे फोटो ऑनलाइन बाहेरगावी जातात, तिथला रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे फोटो बघून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, पेशंटला बघतच नाय. फॉर्मवर नुसतं डोकेदुखी लिहिलं तर तो सगळीच नावं लिहिणार की. फिट कधी आली, ताप, वजन उतरलं का, घरात टीबी कुणाला, आधी कॅन्सरचं ऑपरेशन झालंय का, हे पाहिजे. गाठ 20 एमएमच्या वर, कड वेडीवाकडी आन् मेंदू बाजूला ढकललेला असला की टीबीचा संशय वाढतो, स्पेक्ट्रोस्कोपीत (त्याच मशीनवर गाठीतली रसायनं बघायची तपासणी) लिपिडचा, म्हणजे चरबीचा, पीक आला तर अजून. त्यातच कोलीन नावाचं रसायन वाढलेलं दिसलं की ट्युमरचा विचार करतात, पण तेबी शंभर टक्के नाय. आन् साठीच्या माणसाला बारके पांढरे डाग बीपी-शुगरनं पण येतात, त्यावर कुणी रडत बसू नका.

गेवराईकरीण: फॉर्म आम्ही भरतो का दादा? ओपीडीत घाईत भरतात. आन् आम्ही माळकरी, जंत कसा होईल म्हणणारे पण हायत, त्याची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून कुणाच्याबी पोटात जातात.

मांजराकाठी: तेच म्हणतोय. रिपोर्टच्या वर क्लिनिकल हिस्ट्रीची, म्हणजे पेशंटला काय त्रास हाय त्याची, ओळ असते बघा. तिथं फिटचा पत्ताच नसंल तर सेंटरला फोन करून खरी हिस्ट्री सांगायची आन् परत वाचून घ्यायचं. कागद हातातच नसंल तर हे करणार कोण?

गोदाकाठ: ती ओळ वाचा की, तेवढी. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा नाय आन् एआयला तर अजिबात विचारायचं नाय, माझं मत तेच हाय.