कॅल्शियमची लाट, ठिणगी आणि स्राव: कोणते शब्द वापरावेत?

प्रश्न: पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पेशीतल्या कॅल्शियम-संकेतांवर मराठीत टिपण लिहीत आहे. ‘कॅल्शियम वेव्ह’ला तरंग म्हणावे, लहर की लाट? ‘रिलीज’साठी स्राव हा शब्द सुचवला गेला आहे, पण तो मला खटकतो. ‘स्पार्क’चे काय करावे?

प्रतिसाद: स्राव नकोच. लाळ, संप्रेरके पेशीबाहेर पडतात, तो स्राव. इथे कॅल्शियम आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) साठ्यातून पेशीद्रवात येते, म्हणजे पेशीतच राहते. ‘साठ्यातून कॅल्शियम सुटते’ असे साधे लिहा. आणि ‘मुक्त’ हे विशेषण कृपया गाळू नका. पेशीतले बहुतेक कॅल्शियम साठ्यात किंवा प्रथिनांना बांधलेले असते, संकेत मात्र मुक्त आयनांचा. शांत पेशीच्या द्रवात ते जेमतेम 100 नॅनोमोलर असते, बाहेर त्याच्या सुमारे 10,000 पट. एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून पटलांतले पंप ही तफावत टिकवतात, म्हणून थोडे आयन आत आले तरी पेशीला लगेच कळते.

प्रतिसाद: माझे मत ‘लाट’ला. तरंग चुकीचा नाही, पण तो ऐकला की ध्वनी-प्रकाश आठवतात. मेडाका या जपानी माशाच्या अंड्यात 1977-78 च्या सुमारास ही लाट प्रत्यक्ष पाहिली गेली. अंड्यात एक्वोरिन हे जेलीफिशचे प्रथिन भरले होते, कॅल्शियम भेटले की ते उजळते. शुक्राणू शिरतो त्या टोकापासून उजेडाचा पट्टा निघाला आणि पलीकडच्या टोकापर्यंत गेला. इतके सुंदर दृश्य विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

प्रश्नकर्ता: मग ‘कॅल्शियम पेशीभर पसरते’ असे लिहिले तर चालेल?

प्रतिसाद: तिथेच घोटाळा होईल. ‘पसरते’ म्हटले की विद्यार्थी शाईच्या थेंबासारखे विसरण समजतो. पण सुटलेले आयन फार लांब जाण्याआधीच प्रथिनांना चिकटतात किंवा पंप त्यांना परत साठ्यात ओढतात. जवळच्या आयपी-थ्री ग्राहीपर्यंत (आयपी-थ्री या संदेशरेणूने उघडणारे साठ्याच्या पटलावरचे कॅल्शियमचे दार) थोडे पोहोचतात आणि तो उघडतो, कारण आयपी-थ्रीच्या जोडीने कॅल्शियमही त्याला उघडते. मग त्याच्या शेजारचे कॅल्शियम सुटते. पुढे सरकते ते सुटणे. ‘कॅल्शियम सुटण्याची लाट पेशीभर जाते’ असे लिहा. प्रमाण फार वाढले की हाच ग्राही मिटतो, हेही एका वाक्यात घ्या. त्याशिवाय लाट ओसरते कशी ते समजणार नाही.

प्रतिसाद: स्पार्कला ‘ठिणगी’ चपखल आहे. हृदयस्नायूच्या पेशीत रायनोडीन ग्राहींचा (साठ्यावरच्या दुसऱ्या प्रकारच्या कॅल्शियम-दारांचा) एक छोटा पुंजका क्षणभर उघडतो, ती ठिणगी. 1993 मध्ये तिचे वर्णन झाले. आयपी-थ्री ग्राहींच्या पुंजक्यातून असेच कॅल्शियम सुटते, त्याला ‘पफ’ म्हणतात. तो शब्द तसाच ठेवा. फुंकर म्हटले तर फुंकणारा कोण, हा प्रश्न उरतो.