‘हिंसेचा तास कशाला?’ म्हणणाऱ्या पप्पांना उत्तर

मिरजेची_सिस्टर

काल ‘तासगावकर_पप्पा’ यांनी लिहिलं की त्यांच्या मुलाच्या शाळेत नववीला आरोग्याच्या तासात ‘हिंसा कशी ओळखावी, कशी टाळावी’ हे शिकवायला घेतलंय. पुढं त्यांचंच वाक्य : “संस्कार घरी होतात, असल्या तासाला नसत्या कल्पना डोक्यात भरतात, त्यापेक्षा गणिताचा जादा तास घ्या.” खाली अंगठ्यांची रांग. तिथं दोन ओळी खरडून माझं पोट भरणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

मी ३२ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी कॅज्युअल्टीत. एकदा दहावीतली मुलगी आली, गालावर चार बोटं उमटलेली. आई म्हणाली, “शिडीवरून पडली.” शिडीला बोटं असतात होय? आई केसपेपर काढायला गेल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “मी वर्गातल्या दुसऱ्या मुलाशी बोलले म्हणून माझ्या मित्रानं मारलं. पण सिस्टर, त्याला माझी काळजी आहे म्हणूनच ना?” हे शहाणपण तिनं कुठून आणलं? पप्पा, घरूनच आणलं. बाप आईला मारून वर भजी आणायचा, हे ती लहानपणापासून बघत होती. झाले की घरी संस्कार.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड म्हणून एक चिमुकलं राज्य आहे. तिथं २००५ साली लिंडसे बर्क या तरुणीचा तिच्या आधीच्या मित्रानं खून केला. तिची आई शाळेत आरोग्यच शिकवायची, तरी लेकीच्या बाबतीत काय चाललंय ते वेळेत उमगलं नाही. त्या आईनं नेट लावला आणि २००७ मध्ये कायदा झाला : सातवी ते बारावी, दर वर्षी, आरोग्याच्या तासात प्रेमाच्या नात्यातली हिंसा कशी ओळखावी हे शिकवायचंच. आपल्याकडं १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या रिंकू पाटीलला तिच्या मागं लागलेल्या तरुणानं जाळलं. त्यानंतर आपण काय केलं? ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द पेपरात रुळवला. मारणाऱ्याच्या करणीला प्रेम म्हणायचं, हेच मुळात कुणाला खटकत नाही.

तासगावकर_पप्पा

ताई, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, तुम्ही कॅज्युअल्टीत बसून जग बघितलंय. आमच्या घरात असलं काही नाही. माझ्या मुलाला सहामाहीत गणितात ३१ पडलेत, त्याचं बोला. आणि अमेरिकेचं कौतुक नको, तिथं पोरं शाळेत बंदुका घेऊन जातात.

कडेगावचा_मास्तर

दोघंही भांडा, शिकवायचं मात्र आम्ही. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राचा शालेय आरोग्य कार्यक्रम आला. सहावी ते बारावी, ११ विषय, त्यात सुरक्षितता आणि हिंसा हाही एक. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’, आठवड्याला एक तास. आमच्या शाळेचा दूत मीच. यमदूत म्हणतात स्टाफरूममध्ये. तास सुरू केला की शिपाई दारात : “सर, माहिती आजच्या आज पाठवायची आहे.” शिवाय मतदार यादीचं काम, पोषण आहाराचा हिशेब. शाळेत शिकवायला मी नेमका कधी जातो, हे घरचेसुद्धा विचारतात.

आणि नववी-दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय. टक्क्यांत धरत नाहीत. टक्क्यांत नाही ते पालकांच्या खिजगणतीत नाही.

लगा_सांगलीकर

आमच्या भाच्याच्या शाळेत ह्यो तास कोण घ्यायलंय म्हाईत हाय का? पीटीचे सर. हातात प्लॅस्टिकचा पाइप. “हिंसा वाईट असते रे” म्हणत मागच्या बाकावरच्या दोघांना हाणला 😂

पैलवान_कुंडल

त्यात हसण्यासारखं काय आहे? तालमीत वस्तादाचा मार खाल्ला म्हणून आम्ही वळणावर आलो. आता पोरांना डोळे वटारले तरी आईबाप मोबाइल घेऊन शाळेत. छडी गेली आणि शाळेची रया गेली.

विट्याचे_वकील

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी. विषय संपला.

पैलवान_कुंडल

तो कायदा आठवीपर्यंत. पोरगा नववीत आहे. वकील तुम्ही का मी?

विट्याचे_वकील

मग बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ वाचा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं क्रूरपणे वागवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड, किंवा दोन्ही. तिथं नववी-दहावी नाही, १८ वर्षांखालचं प्रत्येक लेकरू येतं.

पैलवान_कुंडल

म्हणजे माझे वस्ताद गुन्हेगार? त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटलं होतं. तोंड सांभाळून लिहा.

लगा_सांगलीकर

पैलवान, तुमच्याच वस्तादांच्या मारानं माझ्या थोरल्या भावाचा कानाचा पडदा फाटला. आजबी डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. सुधारला म्हणताय? त्यानं तालीम सोडली, शाळा सोडली. त्येला वळण म्हणायचं का?

पैलवान_कुंडल

हे मला माहीत नव्हतं. पण सगळ्यांचे पडदे फाटले नाहीत.

मिरजेची_सिस्टर

वा! चाळीस जणांत एकाचाच फाटला म्हणजे पास की काय? मी धागा कशाचा काढला होता, आठवतंय का कुणाला?

जतची_आई

मला आठवतंय. माझी मुलगी अकरावीला असताना स्टँडवर एक मुलगा रोज उभा राहायचा. बोलायचा नाही, फक्त ती चढेल त्या एसटीत चढायचा. तिनं सांगितल्यावर मी काय केलं? तिचं कॉलेज बंद केलं. बारावी बाहेरून दिली तिनं. मुलींना पास फुकट, पण संध्याकाळची गाडी तासभर येतच नाही, तोवर पोरीनं स्टँडवर थांबायचं कुणाच्या भरवशावर? त्या मुलाला कुणी काही बोललं नाही. तास घ्यायचाच तर आधी मुलांचा घ्या. आमच्या मुलींना “लांब राहा” हे पाठ आहे.

कडेगावचा_मास्तर

ताई, पटतंय. पण आमची गोची ऐका. मन मोकळं करा म्हटलं आणि उद्या एखाद्या मुलीनं खरंच काही सांगितलं तर? अत्याचार कळल्यावर पोलिसांना कळवायलाच हवं, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम १९. नाही कळवलं तर गुन्हा माझ्यावर. कळवलं तर संस्था म्हणणार, शाळेचं नाव घालवलंत. मला प्रशिक्षणात स्लाइड दाखवल्या, पण संस्थेच्या सचिवांना कसं तोंड द्यायचं ती स्लाइड नव्हती.

विट्याचे_वकील

सचिवांना कलम २१ दाखवा. संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर १ वर्षापर्यंत कैद. तुम्हाला ६ महिने.

कडेगावचा_मास्तर

फार धीर आला.

तासगावकर_पप्पा

पुन्हा सांगतो, हे सगळं टोकाचं आहे. साध्या घरच्या मुलांना याची गरज नाही. २००७ साली लैंगिक शिक्षण आणलं होतं, तेव्हा महाराष्ट्रानं बंद पाडलं ते उगीच नाही.

मिरजेची_सिस्टर

बंद पाडलं आणि पुढं मोबाइल आला. आता ते शिक्षण कोण देतंय, ते मुलाच्या खोलीत डोकावून बघा.

विट्याचे_वकील

साध्या घरचीच मुलं येतात हो माझ्याकडं. मुलीनं नको म्हटल्यावरही रोज मेसेज, नंबर बदलून मेसेज, मागं मागं गाडी. याला ‘पाठलाग’ म्हणतात. भारतीय न्याय संहिता कलम ७८, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर ५. आईबाप ऑफिसात बसून म्हणतात, “पण त्यानं हातसुद्धा लावला नाही.”

तासगावकर_पप्पा

फक्त मेसेजवर? आणि मुलगा १८ च्या आत असेल तर? मित्राच्या मुलासाठी विचारतोय.

विट्याचे_वकील

तर बाल न्याय मंडळापुढं जाईल. तुरुंग नाही, पण बापाच्या फेऱ्या चुकत नाहीत. मित्राला सांगा, आज रात्रीच मुलाशी बोला. ओरडू नका, फोन फोडू नका. आधी विचारा, ती मुलगी काय म्हणाली होती.

तासगावकर_पप्पा

सांगतो. … तास राहू दे मग, पण गणिताचा तास खाऊन नको. आणि पाइपवाल्या सरांकडं तर अजिबात नको.

मिरजेची_सिस्टर

उपकार झाले. मित्राचा मुलगा पण नववीतच का?

पैलवान_कुंडल

लगा, भावाचं नाव मेसेज करा. दवाखान्यात दाखवलं होतं का त्याला कधी? बाकी छडीबद्दल माझं मत तेच आहे.