आजीचं नाव नातीला का ठेवू नये?

हजेरीपट (धागाकर्ता)

निवडणुकीच्या कामावर पहिला मतदान अधिकारी म्हणून बसलं की मतदाराचं नाव आणि यादीतला अनुक्रमांक मोठ्याने वाचावा लागतो, म्हणजे समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. यादी घरक्रमांकाने लावलेली असल्यामुळे एकेका घरातल्या पिढ्या एकाखाली एक येतात. द्वारकाबाई, सुमन, वैशाली, ऋतुजा. वयाचा रकाना बघायची गरजच पडत नाही. मागच्या खेपेला मी 'भागीरथी' असं वाचलं आणि एक तरुण प्रतिनिधी फिस्सकन हसला. त्या आजी समोरच बोटाला शाई लावून घेत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

नावं काळाबरोबर जुनी होणारच, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पूर्वी बऱ्याच घरांत आजोबांचं नाव नातवाला आणि आजीचं नातीला ठेवायची रीत होती. सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून आई त्या पोराला बाळ, नाना, बापू अशी हाक मारायची, पण पाळण्यातलं महादेव किंवा विनायक पिढ्यान् पिढ्या फिरत राहायचं. गावात ऐंशीचा महादेव असायचा आणि आठ वर्षांचाही. नावावरून कुणाचं वय ओळखता यायचं नाही. ती रीत मोडली, 'काहीतरी नवीन' ठेवायचं ठरलं, आणि नावांना साल चिकटलं.

शाळेचं जनरल रजिस्टर उघडा, थर दिसतात. रमेश, सुरेश, दिलीप, अशोक. मग संदीप, सचिन, योगेश, अमोल. मग अक्षय, प्रतीक, ओंकार, शुभम. आता अर्णव, विहान, शिवांश, रेयांश. प्रत्येक आईबापाला वाटत होतं की आपण जगावेगळं नाव ठेवतोय. सगळ्यांना एकाच वेळी जगावेगळं हवं असलं की एका वर्गात तीन अन्वी येतात आणि बाईंना आडनावाने हाका माराव्या लागतात. पंचवीस वर्षांनी या नावांचं तेच होणार जे आज दिलीपचं झालंय. म्हणून म्हणतो, आजीचं, पणजीचं नाव ठेवा. गोदावरी ठेवा, भागीरथी ठेवा. पुन्हा कानावर पडायला लागली की कुणी हसणार नाही.

आई_दोघांची

मास्तर, त्या मुलाचं हसणं वाईटच. पण तुमचा उपाय मला मान्य नाही. नाव मुलीला जन्मभर वागवायचं असतं. आपली हळहळ तिच्या गळ्यात कशाला बांधायची?

आणि दर पिढीने हेच केलंय. तुमच्या यादीतल्या सुमनचं नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलं तेव्हा त्यांनाही द्वारका-यमुनेपेक्षा वेगळं काही हवं होतं. त्यांची हौस चांगली आणि आमची तेवढी उथळ, असं का? मंगेशकरांचं घर बघा. दीनानाथांच्या आई येसूबाई, पत्नी शेवंती, आणि मुली लता, मीना, आशा, उषा. लताबाई १९२९ च्या. त्यांचं पाळण्यातलं नाव हेमा, पुढे दीनानाथांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून लता झालं. दोन अक्षरी, मागे 'बाई' न लागलेलं नाव त्या काळात किती टवटवीत वाटलं असेल! तेव्हा कुणी आजीच्या नावाचा हट्ट धरला असता तर घरात चार येसूबाई झाल्या असत्या.

मुलांच्या वर्गात काय चालतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मुलीचं नाव वर्गात एकटीच जुनं असतं तिला सहावी-सातवीत 'आजी' म्हणून हाक मारतात. ती रडत घरी येते तेव्हा तिची समजूत काढायला आपण नसतो, तिची आई असते.

पंचगंगा

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. खंडोबाच्या नावाने आमच्याकडे घरोघरी खंडू, खंडेराव असायचे. आज खंडू ठेवायला कुणी धजत नाही. पण मल्हार? पुण्या-मुंबईत हौसेने ठेवतात, बारशाच्या पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापतात. जेजुरीचा देव तोच. गणपत मागे पडला, अथर्व आला. शंकर मागे पडला, रुद्र आला. कुसुम, शेवंती, मालती गेल्या, प्राजक्ता आणि केतकी आल्या, आणि त्याही आता चाळिशीत पोचल्या.

खंडू का टाकला आणि मल्हार का उचलला, हे विचारायला हवं. दोन्ही सारखीच जुनी. खंडू हे मेंढरांमागे जाणाऱ्याचं, दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याचं नाव म्हणून कानाला बसलं. 'जुनाट वाटतं' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा 'खेडवळ वाटतं' असंच म्हणायचं असतं, पण तसं उघड बोलवत नाही. मास्तरांनी गोदावरी, भागीरथी सुचवल्या. खंडू, भैरू, म्हसू सुचवले नाहीत.

नागपूरकर

पंचगंगा यांनी विषय इथवर आणलाय, म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांचं नाव गणपत. गावच्या पाटलाच्या घरीही एक गणपत होता. तो गणपतराव. माझे आजोबा गणप्या. साठीच्या माणसाला पाटलाचं दहा वर्षांचं पोर 'ए गणप्या' म्हणून हाक मारायचं आणि आजोबा 'जी' म्हणून उभे राहायचे. त्यांच्या भावाचं नाव कचरू. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवायची चाल बऱ्याच जातींत होती, महर्षी कर्व्यांचंही नाव धोंडोच. पण दगडधोंड्याच्या नावामागे 'पंत' लावून घ्यायची मुभा प्रत्येकाला नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्यानंतर आमच्या वस्त्यांतली नावं एका पिढीत पालटली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा. बाबासाहेबांच्या संस्थेचं मुंबईचं कॉलेज १९४६ चं, त्याचं नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजचं मिलिंद, आणि तो सगळा परिसर नागसेनवन. भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, तो मिलिंद. ज्या घरात कचरू होता त्या घरात पाळण्यात हे नाव घेतलं गेलं. ती फॅशन नव्हती. पोराला शाळेत गुरुजींनी हाक मारली तर त्याची मान खाली जाऊ नये, एवढ्यासाठी आजोबांनी माझ्या वडिलांचं नाव विचार करून ठेवलं होतं.

मास्तर, आजोबांचं नाव पुढे चालवा म्हणताना आजोबांना ते नाव धड पूर्ण मिळालं होतं का, हे आधी विचारा. नवं नाव शोधणं हा तुमच्या लेखी नवेपणाचा सोस असेल. आमच्या घरात तो सुटण्याचा रस्ता होता.

हजेरीपट

नागपूरकर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. एक विचारतो. सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता ही नावं पहिल्यांदा ठेवली गेली ती पिढी आता आजोबा-आजी झाली. म्हणजे तुमच्याकडेही ती 'जुनी' व्हायच्या वाटेवर आहेत. तीही टाकून द्यायची का?

नागपूरकर

नाही टाकणार. माझ्या चुलतभावाच्या नातवाचं नाव गेल्या वर्षी मिलिंदच ठेवलं, घरातल्या थोरल्या मिलिंदवरून. पण ते आम्ही निवडलेलं नाव आहे. गणप्या आम्ही निवडलेला नव्हता. आमच्याही पोरांना विहान, कियान हवं असतं, त्यावरून घरात वाद होतात, आणि तरुण सुनांचं म्हणणं मी ऐकून घेतो.

सातारकर

निवडीचा विषय निघाला म्हणून. आमच्या जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशा' ठेवायचे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात जाहीर कार्यक्रम करून २८५ मुलींना नवी नावं दिली, प्रमाणपत्रं दिली. मुलींनी स्वतःची नावं स्वतः निवडली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. आता यातल्या एखादीला पुढे नात झाली तर तिने आजीचं कुठलं नाव घ्यायचं? सरसकट 'आजीचं नाव ठेवा' म्हणणाऱ्यांनी हा विचार करावा. काही नावं गेली ते फार चांगलं झालं.

तांदळाचं_ताट

आणि आजीचं नाव म्हणजे तरी कुठलं? आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवऱ्याने बायकोचं नवं नाव लिहायचं. माझी आजी माहेरी कृष्णा. सासरी नणंदेचं नावही कृष्णाच निघालं, म्हणून हिची सरस्वती झाली. रेशनकार्डावर सरस्वती, मतदार यादीत सरस्वती, आणि तिच्या भावाची पत्रं येत ती 'चि. सौ. कृष्णाताईस'. म्हातारपणी कुणी कृष्णा म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. तुमच्या यादीतल्या द्वारकाबाईही जन्माच्या द्वारका असतीलच असं नाही.

माझ्या मामेबहिणीने लेकीचं नाव कृष्णा ठेवलं. सरस्वती ठेवायला घरचे सांगत होते, तिने ऐकलं नाही. त्यामुळे मास्तर, मी तुमच्या बाजूची आहे, पण आजीला विचारून, आणि ती नसेल तर तिच्या माहेरच्यांना विचारून.

न्यूजर्सीकर

इथे आमचा हिशोब वेगळा. वर्गशिक्षिकेला नीट म्हणता येईल का, एवढं आधी बघतो. त्यामुळे नील, रिया, ईशान, माया यांची गर्दी झालीय. पण त्याच चाळणीतून रमा, उमा, मीरा, तारा ही पणज्यांची नावंही सहज निघतात आणि लोक ठेवतातही. भागीरथीचं कठीण आहे. 'थ' आणि 'भ' दोन्ही इथे मोडतात.

मधली_संगीता

सगळी चर्चा पणजी आणि नात यांच्यावर चाललीय. मधल्या आम्हा बायकांचं काय? संगीता, सुनंदा, मंगला, सुरेखा, शुभांगी. मुक्ता परत आली, सई परत आली, रमा आली, जिजा आली. मुक्ताबाई आणि सईबाई यांच्यातला 'बाई' काढला आणि कोरी करकरीत नावं मिळाली. पण सुनंदा परत आली असं मी एकाही बारशाला ऐकलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे. पणजीला या मुलींनी पाहिलेलं नसतं, त्यामुळे तिचं नाव ऐकून कुणी डोळ्यांपुढे येत नाही. सुनंदा म्हटलं की भिशीतली सुनंदा आठवते, बँकेच्या रांगेत पुढे उभी असलेली सुनंदा आठवते, गुडघ्यांची तक्रार करणारी सुनंदा आठवते. जिवंत माणसांच्या नावांनाच 'जुनाट' म्हणतात.

मोठेपणानेही नाव टिकत नाही. १९७३ साली रमेश तेंडुलकरांनी सचिन देव बर्मन यांच्यावरून मुलाचं नाव सचिन ठेवलं. पुढे अख्ख्या देशाने मैदानांत त्या नावाचा घोष केला. तरी आमच्या सोसायटीतल्या बालवाडीत एकही सचिन नाही, आणि लता तर मी कित्येक वर्षांत ऐकलेली नाही. खुद्द सचिनने मुलाचं नाव अर्जुन ठेवलं. महाभारतातलं नाव, त्याला साल चिकटत नाही.

म्हणून मास्तर, भागीरथीची काळजी मला फारशी वाटत नाही. आणखी तीस वर्षांनी कुणीतरी ती हौसेने उचलेल. आज ज्या मंगला आणि सुरेखा तुमच्या शाळेत पालकसभेला नातवंडांना घेऊन येतात त्यांच्या नावाने कुणी हसत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्या दिवशी केंद्रावर त्या मुलाला तुम्ही काही बोललात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

हजेरीपट

बोललो. नाव पुन्हा एकदा, पूर्ण, आडनावासकट वाचलं आणि त्याला खूण करायला सांगितली. कामावर असताना याहून जास्त बोलता येत नाही. तुमचं पणजीबद्दलचं म्हणणं पटलं. पण मग मागणी थोडी वाढवतो. पणजीची नावं येतच आहेत तर येऊ द्या, एखादी सुनंदाही ठेवा. तिच्या डोळ्यांदेखत ठेवा, तिला ते बघायला मिळू द्या.

आई_दोघांची

सुनंदा माझ्या सासूबाईंचं नाव. त्यांना मी परवा हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "माझं नाव कुणाला देऊ नका, मलाच ते कधी आवडलं नाही, मला नलिनी व्हायचं होतं." तेव्हा मास्तर, आमच्या घरात सुनंदा होणार नाही. नलिनीचा मी विचार करतेय, जावेच्या बाळासाठी. पण ठेवलं तर ते गोड वाटतं म्हणून ठेवू, आणि जाऊबाईंना नाही आवडलं तर तीन अन्वींत चौथी अन्वी आली तरी माझी काही हरकत नाही.